सस्कॅचवन प्रांताची हकीकत

(गावच्या वाचनालयात आम्ही दिलेले व्याख्यान. ज्यांस त्या दिवशी येता आले नाही त्यांच्याकरिता येथे देत आहो.)



आज आम्ही आपणांस कॅनडा देशातील सस्कॅचवन नावाच्या प्रांताची हकीकत सांगणार आहो. कोणी म्हणेल, मास्तर, घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे! आपल्या विहिरींना पाणी नाही, आणि तुम्ही सातासमुद्रापलीकडची गोष्ट काय सांगता? त्यास आमचे उत्तर असे, की हा मुलूख आपल्या चुलीपर्यंत येऊन पोचलेला आहे. बाजारात परदेशची मसूर व पिवळा वाटाणा येतो, त्यात या प्रांताचा वाटा मोठा असतो. उसाला व द्राक्षाला आपण जे पोटॅश घालतो, त्यातील कित्येक पोती तेथे जमिनीखाली सुमारे एक किलोमीटर खोल असलेल्या खाणींतून निघालेली असतात. २०१७ साली भारत सरकारने वाटाणा व मसूर यांच्या आयातीवर जकात बसविली, तेव्हा तिकडच्या शेतकऱ्याच्या घरी चिंता पसरली. ज्याचे धान्य आपण खातो तो शेतकरी कोण, आणि तो कसतो ती जमीन त्याच्याकडे कशी आली, हे विचारणे आपले काम आहे.

प्रथम मुलूख पाहू. हा प्रांत आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा; पण २०२१ च्या खानेसुमारीत तेथे माणसे भरली अवघी सव्वाअकरा लाखांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडे शंभर माणसे असतील तर तेथे एक. नकाशात त्याच्या सीमा पट्टीने आखल्यासारख्या दिसतात, कारण त्या खरोखरच पट्टीने आखलेल्या आहेत. डोंगर किंवा नदी पाहून त्या ठरविलेल्या नाहीत. उत्तरेस जंगल, खडक आणि हजारो तळी. दक्षिणेस सपाट गवताळ मैदान. हिवाळ्यात थंडी शून्याखाली चाळीस अंशांपर्यंत उतरते, आणि १९३७ च्या जुलैत याच प्रांतात पारा ४५ अंशांवर चढला होता. सस्कॅचवन हे नाव क्री लोकांच्या भाषेतले. जोराने वाहणारी नदी, असा त्याचा अर्थ.

आता तेथील जनावरे. या मैदानाचा खरा धनी होता बायसन. तो आपल्याकडील राधानगरीच्या गव्याचा दूरचा नातलग. खांद्यावर वशिंड, मानेला दाट केस, आणि वजनाला आठ-नऊशे किलोपर्यंत. उत्तर अमेरिकेच्या मैदानांवर असे कोट्यवधी गवे होते. माणसाचा सगळा संसार या एका जनावरावर चाले. मांस वाळवून, कुटून, त्यात चरबी व रानबोरे घालून जो साठा करीत त्यास पेमिकन म्हणत. तो महिनोन् महिने टिके. कातड्याचे तंबू, स्नायूंचा दोरा, हाडांची हत्यारे होत. झाड नसलेल्या त्या मैदानावर सरपण कसले? तर गव्याचे वाळलेले शेण. आमच्या आयाबहिणींना हे वेगळे समजावून सांगावयास नको.

गव्याखेरीज तेथे प्रॉन्गहॉर्न नावाचे हरणासारखे वेगवान जनावर आहे. बिळांची गावेच्या गावे वसविणारा प्रेअरी डॉग आहे. नावात कुत्रा असला तरी तो खारीच्या कुळातला. त्याच्या सोडलेल्या बिळात एक लहान घुबड राहते, ते आपल्या पिंगळ्याचे भाऊबंद. वसंतात व शरदात हूपिंग क्रौंच हा उंच पांढरा पक्षी या प्रांतावरून जातो. १९४१ साली हे पक्षी साऱ्या जगात जेमतेम वीस-बावीस उरले होते. माणसाने कायदा केला, राखण केली, आणि आता या वाटेने जाणारा थवा पाचशेंच्या वर गेला आहे. लास्ट माउंटन सरोवराच्या काठी १८८७ सालीच पक्ष्यांकरिता जागा राखून ठेवली. उत्तर अमेरिकेतले सरकारने राखलेले ते पहिले पक्षी अभयारण्य.

मग गव्याची राखण का झाली नाही? गव्याचे कातडे कारखान्यांतील यंत्रांच्या पट्ट्यांना उपयोगी पडू लागले. बंदुका सुधारल्या, दक्षिणेकडे रेल्वे आली, आणि व्यापाराकरिता कत्तल सुरू झाली. १८८० च्या सुमारास कॅनडाच्या मैदानावर गवा जवळजवळ दिसेनासा झाला. मागे राहिली हाडे. नव्याने आलेले शेतकरी आणि मेटी लोक ती गोळा करून विकीत. आगगाडीने ती खतासाठी व साखर शुद्ध करण्यासाठी जात. आज प्रांताची राजधानी असलेल्या रेजायना शहराचे जुने नावच मुळी हाडांचा ढीग या अर्थाचे होते.

आता माणसांकडे वळू. क्री, सोटो, नाकोडा, डकोटा आणि उत्तरेस डेने असे लोक तेथे पूर्वापार राहत. कातडीच्या व्यापाराकरिता आलेले फ्रेंच व स्कॉच पुरुष आणि मूळच्या स्त्रिया यांच्या संततीतून मेटी नावाचा स्वतंत्र समाज झाला. १६७० साली इंग्लंडच्या राजाने हडसन्स बे कंपनीस सनद दिली आणि ज्या मुलुखात त्याने पाऊल टाकले नव्हते तो तिच्या नावे करून टाकला. पुढे १८७० साली कंपनीने तो हक्क कॅनडास दिला व तीन लाख पौंड घेतले. तेथे राहणाऱ्यांस कोणी विचारले नाही. १८७४ साली कापेल दरीत कराराची बोलणी झाली, तेव्हा पास्क्वा नावाच्या नायकाने कंपनीच्या माणसाकडे बोट करून सांगितले, की जमीन आमची होती, तर विकल्याचे पैसेही आमचे आहेत. त्याच्या बोलण्याची नोंद सरकारी माणसांनीच करून ठेवली आहे. पैसे मात्र दिले नाहीत.

१८७६ साली फोर्ट कार्लटन येथे सहावा करार झाला. पाउंडमेकर नावाचा एक तरुण पुढारी तेथे उठून म्हणाला, की ही जमीन आमची आहे; पेमिकनच्या तुकड्याप्रमाणे ती कापून आमच्याच हाती थोडी थोडी परत देऊ नका. तरीही करार झाला, कारण गवा संपत चालला होता आणि पोरे उपाशी होती. पाच माणसांच्या कुटुंबामागे एक चौरस मैल जमीन, शेतीची हत्यारे, बैल, बी-बियाणे, शाळा, औषधांची पेटी, दुष्काळात मदत आणि दरसाल माणशी पाच डॉलर, असे कबूल झाले. ते पाच डॉलर आजही पाचच आहेत. बिग बेअर नावाच्या नायकाने सहा वर्षे सही केली नाही. अखेर १८८२ च्या डिसेंबरात, आपली माणसे अन्नावाचून मरू लागली तेव्हा, त्यानेही केली.

मेटी लोकांचे गाऱ्हाणे वेगळे होते. त्यांची शेते नदीकाठापासून मागे लांबच लांब पट्ट्यांची. म्हणजे प्रत्येकास पाणी, कुरण व लाकूड मिळे. सरकारी मोजणीदार आले आणि त्यांनी चौकोन आखले. अर्ज गेले, उत्तर आले नाही. तेव्हा १८८४ साली गॅब्रिएल ड्युमाँ हा त्यांचा शिकारी नायक घोड्यावर बसून शेकडो मैल गेला आणि मोंटानातील एका शाळेत मुले शिकवीत असलेल्या लुई रिएल यास घेऊन आला. १८८५ च्या मे महिन्यात बातोश येथे चार दिवस लढाई झाली. मेटी हरले. १६ नोव्हेंबरास रेजायनात रिएलला फाशी दिली, आणि २७ नोव्हेंबरास बॅटलफर्ड येथे मूळ रहिवाशांपैकी आठ जणांस. पाउंडमेकरला तुरुंगात घातले; सुटल्यावर पुढच्याच वर्षी तो वारला. तो निर्दोष होता हे कॅनडा सरकारने २०१९ साली जाहीर केले. फिर्याद अशी एकशे चौतीस वर्षे पडून राहिली.

शेतकरी बंधूंनो, आता आम्ही जे सांगणार आहो ते नीट ऐका, कारण ते आपल्या धंद्याचे आहे. मूळ रहिवाशांस शेती जमत नाही, ते आळशी आहेत, असे तिकडचे कित्येक लोक पिढ्यान् पिढ्या म्हणत आले. खरी गोष्ट काय? करारानंतर ते राखीव जमिनीवर बसले, गहू पेरू लागले. कित्येकांनी पैसा जमवून भागीत कापणीची यंत्रे घेतली, आणि त्यांचा माल बाजारात दिसू लागला. तेव्हा बॅटलफर्डच्या गोऱ्या वस्तीवाल्यांनी ओरड केली, की सरकार पोसते त्यांच्याशी आम्ही चढाओढ कशी करावी? १८८९ साली हेटर रीड नावाच्या अधिकाऱ्याने नवे धोरण काढले. रानटी माणसाने एकदम यंत्रावर उडी मारू नये, आधी हातशेतीची पायरी चढावी, असा त्याचा सिद्धांत. त्याप्रमाणे हुकूम निघाले, की विळ्याने कापा, हाताने पेंढ्या बांधा, दांडक्याने झोडपा, दाताळी लाकडाची घरीच करा. घरामागे एखादा एकर गहू, थोडा भाजीपाला आणि एखाददुसरी गाय पुरे.

ज्या मुलखात पेरणी ते कापणी यांमध्ये थंडी येऊन उभे पीक जाळते, तेथे हाताने कापणे म्हणजे पीक घालविणे. शेजारचा गोरा शेतकरी यंत्राने चार दिवसांत मोकळा होई. हा विळा घेऊन बसे आणि त्याच्या डोळ्यांदेखत दहिवर पडे. शिवाय आपलेच धान्य किंवा जनावर विकावयास सरकारी एजंटाची परवानगी लागे. १८८५ पासून राखीव जागेबाहेर जावयास चिठ्ठी लागू लागली. त्या चिठ्ठीस कायद्यात कोठेही आधार नव्हता, तरी ती कित्येक वर्षे चालली. रीडचे धोरण १८९७ साली गेले. पण तोवर पुष्कळांनी शेतीच सोडली होती. मग पुढल्या वर्षांत सरकारच म्हणू लागले, की यांस एवढी जमीन कसता येत नाही, सबब जास्तीची विकून टाकावी. हात बांधावयाचे, पोहता येत नाही म्हणून हसावयाचे, आणि मग होडीही काढून घ्यावयाची, असा हा न्याय!

आता आमच्या स्वतःच्या धंद्याविषयी बोलले पाहिजे. करारात शाळा मागितली होती ती त्या लोकांनी स्वतः. आपल्या पोरांनी नवी विद्या शिकावी, असे त्यांस वाटत होते. सरकारने काय दिले? मुलांस आईबापांपासून तोडून दूर ठेवणाऱ्या निवासी शाळा. बॅटलफर्डची १८८३ साली निघाली. त्या बहुतेक ख्रिस्ती मिशनांनी चालविल्या. मुलांचे केस कापीत, कपडे बदलीत, आणि घरची भाषा बोलल्यास शिक्षा करीत. १९२० साली कायद्याने हजेरी सक्तीची केली. साऱ्या कॅनडात सुमारे दीड लाख मुले या शाळांतून गेली, आणि रोगाने व हेळसांडीने हजारो मेली. सस्कॅचवनमधील गॉर्डन्स नावाची शाळा १९९६ साली बंद झाली. म्हणजे ही फार जुनी गोष्ट नव्हे. २००८ साली पंतप्रधानांनी लोकसभेत क्षमा मागितली. २०२१ साली काउएसेस लोकांनी त्यांच्या भागातील जुन्या शाळेजवळच्या दफनभूमीत यंत्राने तपास केला, तेव्हा नावनिशाणी नसलेल्या ७५१ थडग्यांच्या खुणा मिळाल्याचे त्यांनी सांगितले. त्यांत काही मोठी माणसेही असतील. पण दगडावर कोणाचेच नाव नव्हते.

हे प्रथम वाचले तेव्हा आम्हांस एक गोष्ट आठवली, ती आज येथे सांगून टाकतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या वर्गात पारधी वस्तीवरचा एक मुलगा होता. हिशेबात हुशार, पण उत्तर द्यावयाचे ते घरच्या बोलीत देई. आम्ही त्यास म्हणत असू, नीट बोल, मग बस. वर्ग हसे. आम्हीही हसत असू. दिवाळीनंतर तो आला नाही. आम्ही हजेरीपत्रकात गैरहजेरीची खूण करीत राहिलो आणि त्याच्या वस्तीवर एकदाही गेलो नाही. आम्ही कोणास मारले नाही, कोणाचे केस कापले नाहीत. तरी त्या मुलाची शाळा आमच्या जिभेने बंद झाली. विद्येवाचून गती जाते, हे आम्ही व्याख्यानांतून सांगत आलो आहो. परंतु विद्या देणारा जर शिकणाऱ्याची आईच नाकारू लागला, तर त्या विद्येपासून पोराने पळूनच जावे, हेही खरे आहे.

आता त्या प्रांताची दुसरी बाजू. १८७२ च्या कायद्याने दहा डॉलर भरणाऱ्यास १६० एकर जमीन मिळे. तीन वर्षे राहून, घर बांधून, काही जमीन नांगरून दाखवावी लागे. युरोपातून गरीब शेतकरी व कारागीर लोटले. युक्रेनी, जर्मन, हंगेरियन असे कित्येक आले. १८९९ साली रशियातून दुखोबोर नावाचे सुमारे साडेसात हजार लोक आले. शस्त्र धरावयाचे नाही, हा त्यांचा धर्म. त्यांच्या प्रवासासाठी टॉलस्टॉयने आपल्या कादंबरीचे उत्पन्न दिले होते. पुरुष रेल्वेच्या मजुरीस गेले, बैल पुरेसे नव्हते, तेव्हा त्यांच्या बायकांनी स्वतः नांगर ओढला. ही माणसे लुटारू नव्हती. तीही कोठल्या तरी जमीनदाराच्या किंवा राजाच्या जाचाला कंटाळून आली होती. १९०५ साली सस्कॅचवन हा स्वतंत्र प्रांत झाला.

त्यांसही लुबाडणारे भेटलेच. गहू उदंड पिकला, तर तो नेण्यास रेल्वेचे डबे नाहीत. डबे कोठीवाल्या व्यापाऱ्यास आधी मिळत, आणि शेतकऱ्यास तो म्हणेल त्या भावाने माल घालावा लागे. १९०१ च्या डिसेंबरात इंडियन हेड या गावी शेतकरी जमले व त्यांनी संघ स्थापिला. पुढच्या वर्षी सिंटालुटा स्टेशनावर डबे वाटण्यात पक्षपात झाला म्हणून त्यांनी स्टेशनमास्तरावर फिर्याद केली आणि ती जिंकली. बलाढ्य रेल्वे कंपनी वाकली. १९२४ साली त्यांनी गहू एकत्र विकण्यासाठी स्वतःची सहकारी संस्था उभी केली.

दवाखान्याचेही तसेच. १९१५ च्या सुमारास सार्निया नावाच्या ग्रामीण भागाच्या पंचायतीने लोकांकडून कर घेऊन डॉक्टर पगारावर ठेवला, म्हणजे तो गाव सोडून जाणार नाही. पुढे १९३० नंतर अवर्षण, धुळीची वादळे आणि टोळ यांनी प्रांत उद्ध्वस्त झाला. डॉक्टरचे बिल देणे घरोघर अशक्य झाले. १९४४ साली शेतकरी-कामकऱ्यांच्या पक्षाचे टॉमी डग्लस मुख्यमंत्री झाले. ते तरुणपणी छापखान्यात काम शिकलेले. लहानपणी त्यांचा पाय कापावयाची वेळ आली होती. एका डॉक्टरने विद्यार्थ्यांस दाखविण्याकरिता फुकट शस्त्रक्रिया केली म्हणून पाय वाचला. गरिबाच्या पोराचा पाय असा दैवावर का असावा, हा प्रश्न त्यांनी जन्मभर धरून ठेवला. १ जानेवारी १९४७ पासून प्रांतातील सर्वांस इस्पितळाचा विमा मिळाला. १ जुलै १९६२ रोजी डॉक्टरांच्या खर्चाचीही योजना सुरू झाली. त्या दिवशी प्रांतातील बहुतेक डॉक्टरांनी संप केला. तो तेवीस दिवस चालला, पण योजना टिकली. पुढे साऱ्या कॅनडाने तीच उचलली. कमी वस्तीच्या, कोरडवाहू शेतकऱ्यांच्या एका प्रांताने देशास वाट दाखविली.

बंधूंनो, येथे टाळ्या वाजवून घरी जाता आले असते. पण हिशेब पुरा झालेला नाही. ज्या शेतकऱ्यांनी रेल्वेस वाकविले, ते चौकोन आखलेल्या जमिनीवर उभे होते. आणि त्यांचा संघ सिंटालुट्याला खटला जिंकत होता, तेव्हा त्यांच्या शेजारच्या राखीव जागेवरचा शेतकरी आपले धान्य विकावयास एजंटाची चिठ्ठी मागत होता. त्यास संघात कोणी बोलाविले नाही. त्यास प्रांताच्या निवडणुकीत मत मिळाले ते १९६० साली. आपल्यावर कोण बसला आहे हे माणसास लवकर कळते. आपण कोणावर बसलो आहो हे कळावयास फार उशीर लागतो. आपल्या शिवारातही हा प्रश्न प्रत्येकाने रात्री निजण्यापूर्वी एकदा विचारून पाहावा.

तरी त्या लोकांनी धीर सोडला नाही. आज त्या प्रांतात दर सहा माणसांमागे एक मूळ रहिवासी किंवा मेटी आहे. १९७६ साली त्यांनी रेजायनात स्वतःचे उच्च विद्यालय काढले, आणि आता त्याचे विद्यापीठ झाले आहे. १९९२ साली पंचवीस समूहांशी सरकारचा करार झाला, आणि शंभर वर्षांपूर्वी देणे लागत असलेली जमीन विकत घेण्यास त्यांस पैसे मिळाले. लढा कागदाने, कोर्टाने, शाळेने चालला आहे.

आणि गवा? तोही परत आला. २००५ साली ग्रासलँड्स राष्ट्रीय उद्यानात ७१ गवे आणून सोडले. सस्काटून शहराजवळ वानुस्केविन नावाची जागा आहे, जेथे माणसे हजारो वर्षांपासून येत-जात राहिली. तेथे २०१९ च्या डिसेंबरात गवे आणले. पुढल्या वर्षी ते नेहमीप्रमाणे धुळीत लोळत असता माती उकरली गेली आणि एक दगड वर आला. त्यावर कोणी फार पूर्वी रेघा कोरलेल्या होत्या. शोध घेता असे चार दगड सापडले, आणि कोरण्याचे दगडी हत्यारही. शहाणी माणसे वर्षानुवर्षे तेथे खणत होती. त्यांच्या हाती न लागलेली खूण जनावराच्या खुराने उघडी केली.

उद्या आपल्या घरी मसुरीची आमटी होईल, तेव्हा एवढे आठवा. आम्ही आमच्याकडून एक ठरविले आहे. येत्या सोमवारी पारधी वस्तीवर जावयाचे. तो मुलगा आता बापया झाला असेल. त्याच्या घरी शाळेत जाण्याजोगी पोरे असतील. ती ज्या बोलीत बोलतील, तिच्यातील दहा शब्द आधी आम्ही शिकून घेऊ, मग त्यांस आमचे शिकवू. आपणांपैकी ज्यांस बरोबर यावयाचे असेल त्यांनी सकाळी शाळेच्या ओट्यावर जमावे.